रायपूरची अर्धी तिकिटं

पुणे स्टेशनवर मला सोडायला आलेली भाची शेवटपर्यंत एकच विचारत होती, "मावशी, रायपूरला बघायला आहे तरी काय?" मी म्हटलं, "एका गृहस्थांचा अल्बम." त्यावर तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मला आता पाठ झाली आहे. निवृत्तीनंतर बायका काशीला जातात, नाहीतर दुबईला जातात. मी अल्बम बघायला जाते. गाडी सुटेपर्यंत तिने मला पाण्याची बाटली, बिस्किटं आणि वरच्या बर्थवर न चढण्याचा सल्ला दिला आणि विषय सोडून दिला.

तिचं चुकतं असंही नाही. मी ज्या तिकिटांच्या मागे हिंडते, ती लावून कुठलंही पत्र कुठेही जात नाही. आपल्याकडे पावतीवर लावतात तो महसुली स्टँप सगळ्यांना ठाऊक असतो. युरोपात एके काळी असे स्टँप कशाकशावर लावत याला सुमार नव्हता. खेळायच्या पत्त्यांच्या जोडावर, हॉटेलच्या बिलावर, कुत्रा पाळायच्या परवान्यावर, औषधाच्या बाटलीवर. शिवाय नुसती लेबलं असत ती वेगळीच. नाताळात क्षयरोग्यांसाठी वर्गणी देणाऱ्याला मिळणारं लेबल, कॉफीच्या किंवा शिवणयंत्राच्या जाहिरातीचं लेबल. दिसायला हुबेहूब टपाल तिकीट, पण टपालाशी संबंध शून्य. टपाल तिकिटं जमवणारी मंडळी यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. माझी सगळी नोकरी दस्त नोंदणीच्या कचेरीत, मुद्रांकांच्या सहवासात गेली, त्यामुळे मला या उपेक्षित जातीचा लळा लागला. कोणाकडे न ओळखू येणारं असं काही निघालं की फोटो माझ्याकडे येतो, खाली प्रश्न असतो, "ताई, हे काय आहे?" ते ओळखता आलं की मला जो आनंद होतो तो मी आजवर फार निरुपद्रवी समजत होते.

रायपूरच्या प्रभाकररावांचेही असेच फोटो आले होते. प्रत्येक फोटोत त्यांचा अंगठा आणि फ्लॅशचा पांढरा डाग, त्या दोघांच्या मधून जेवढं दिसेल तेवढं तिकीट. मी म्हटलं, रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. तर फोनवर म्हणाले, "नाही ताई, बाबांची वस्तू घराबाहेर नाही जात. तुम्हीच या. आणि मले किंमत नाही पाहिजे. माझ्या लहान भावापेक्षा मले जास्त मिळालं का, एवढंच पाहून सांगा."

नोकरीत मी वाटणीपत्रं किती नोंदवली असतील ते देवच जाणे. टेबलापलीकडचा प्रत्येक भाऊ हेच सांगायचा की दुसऱ्याला जास्त मिळालं. कोणी जागेवर फूटपट्टी ठेवायचा, कोणी विहिरीच्या काठावर. आपल्यालाच जास्त मिळालं असेल या भीतीने झोप उडालेला माणूस मला पहिल्यांदा भेटत होता. मी त्याच संध्याकाळी गाडीचं तिकीट काढलं.

गोंदिया सोडलं की डब्यातली भाषा हळूहळू पालटते. समोरच्या बाई बिलासपूरला उतरणार होत्या. त्यांनी डबा उघडून मला ठेठरी (बेसनाची जाड, खारी, कडबोळ्याच्या नात्यातली) दिली आणि मी एकटी का फिरते हे मोकळेपणाने विचारलं. डोंगरगढला टेकडीवरचं देऊळ धुक्यात अर्धंच दिसलं. भाताची कापलेली शेतं, मध्येच एखादा तलाव, त्यात कमरेएवढ्या पाण्यात उभ्या म्हशी. गप्पांच्या नादात रायपूर आलं आणि मी घाईघाईने उतरले. सामान मोजलं तेव्हा कळलं की माझी चिमट्याची डबी उशाखालीच राहिली होती. तोवर गाडी हलली होती. तिकिटांना बोटं लावायची नसतात. त्यासाठी चपट्या, गुळगुळीत टोकाचा चिमटा लागतो, आणि तो चिमटा आता बिलासपूरच्या दिशेने निघाला होता.

प्रभाकरराव मफलर गुंडाळून फलाटावर उभे होते. पंचाहत्तरीच्या आसपासचे, उंच, थोडे वाकलेले, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. नमस्कार झाल्याबरोबर म्हणाले, "आधी पोहे खाऊ. मग तात्यापाऱ्यातून जाऊ, आमचं जुनं घर तिथं होतं." पारा म्हणजे आपल्याकडची आळी. तात्यापारा ही इथल्या मराठी मंडळींची जुनी वस्ती. घराच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे आणि त्याबद्दल त्यांना काडीचंही दुःख नव्हतं. "विकलं, अर्धं-अर्धं केलं, झालं," एवढंच म्हणाले. पोह्यांबरोबर जिलेबी येते, ती पोह्यांतच कुस्करून खायची असते हेही त्यांनीच शिकवलं. मी न कुस्करता खाल्ली.

चौबे कॉलनीतल्या त्यांच्या घरी मालतीकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, माझी चिमट्याची गोष्ट ऐकली आणि पायांत चपला घातल्या. "शंकर नगरात सगळं भेटते," म्हणाल्या. सगळं भेटलं, फक्त तिकिटांचा चिमटा भेटला नाही. स्टेशनरीवाल्याने स्टेपलर काढून दाखवला. औषधाच्या दुकानात एक भलामोठा चिमटा होता, तो जखमेसाठी. शेवटी काकूंनी मला एका सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात नेलं. काउंटरवरची मुलगी हिंदीत म्हणाली, "दीदी, आइब्रो के लिए चाहिए ना?" काकू मराठीत म्हणाल्या, "नाही गं, इटलीच्या तिकिटांसाठी पाहिजे." तिने काहीही न विचारता भुवया कोरायचा चिमटा बांधून दिला. घरी येऊन मी त्याची टोकं नखं घासायच्या कानसीने बोथट केली. चांगल्या घरातल्या तिकिटांना असल्या हत्याराने हात लावताना जीव टांगणीला लागतो, पण इलाज नव्हता.

जेवताना प्रभाकररावांनी सगळी हकीकत सांगितली. ताटात लाल भाजी (इकडची लाल माठासारखी पालेभाजी), वरण-भात आणि फरा (तांदळाच्या पिठाचे उकडून फोडणी दिलेले मुटके) होता, आणि सांगता सांगता प्रभाकररावांचं सगळं तसंच राहिलं.

त्यांचे वडील कोर्टात बाबू होते. हाताखालून रोज कोर्ट फीचे स्टँप जायचे, तिथून त्यांना नाद लागला. कुठल्याशा मासिकात इटलीतल्या एका शाळामास्तरचा पत्ता मिळाला. हे त्याला आसपासच्या संस्थानांचे जुने स्टँप पाठवायचे, तो यांना युरोपातली चित्रविचित्र तिकिटं पाठवायचा. दोघांची जन्मात भेट झाली नाही. अल्बम कपाटात कुलपात असे. पोरांनी हात लावायचा नाही हा घरचा कायदा. वडील रविवारी दुपारी दार लोटून एकटेच पाहत बसायचे.

"आम्हाले कधी दाखवलंच नाही," प्रभाकरराव म्हणाले. "एकदा धाकट्या सुधाकरनं हात लावला तर कानाखाली बसली त्याच्या. मग आम्ही जाणंच सोडलं त्या खोलीत."

जाताना वडील एवढंच बोलले की अल्बम दोघांनी सारखा घ्या. त्या घरात वाटणीची एक रीत होती, आंब्यांपासून अंथरुणांपर्यंत सगळ्याला लागू. थोरल्याने दोन वाटे मांडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं. म्हणजे मांडणाऱ्याला लबाडी करायची सोय नाही. तेरावं उरकल्यावर दोघे भाऊ सतरंजीवर बसले, आई समोर बसली, आणि त्याच रीतीने अल्बम वाटला. कोणाचाही आवाज चढला नाही.

"मग भीती कसली?" मी विचारलं.

त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "सुधाकरभाऊजी आमच्या पोरीच्या लग्नात बोलले होते. चार लोकांत. म्हणे, बाबांची चांगली तिकिटं तर दादाकडे गेली. तेव्हापासून यांच्या मनात घर करून बसलं. दिवाळीले फराळाले जातात, खुर्चीच्या टोकावर बसतात, उठून येतात. भांडण नाही, काही नाही. पण मोकळं बोलणं नाही."

"आता तो चालला बंगलोरले, पोराकडे," प्रभाकरराव म्हणाले. "तेलीबांध्याचा फ्लॅट विकला. या आठवड्यात सामान जाते. त्याची छाती कमजोर, माझे गुडघे. आता कोण कोणाकडे जाते? माझ्याकडं जास्त आलं असन तर मले ते त्याच्या हातात द्यायचं आहे, तो जायच्या आधी. मी मांडले होते ताई वाटे. नजरचूक झाली असन तर माझीच."

आता मला समजलं की मी काय करायला आले आहे. एका म्हाताऱ्या माणसाला त्याच्या भावाच्या घरात खुर्चीवर नीट टेकून बसता यावं, एवढंच काम होतं.

दुपारी खिडकीपाशी टेबल ओढलं. भिंग, तिकिटाच्या कडेचे दाते मोजायची पट्टी आणि भुवयांचा चिमटा अशी तयारी मांडली. पहिल्याच पानावर डेन्मार्कची नाताळची लेबलं निघाली, बर्फात खेळणारी पोरं असलेली. मी त्यांना ती क्षयरोग्यांच्या वर्गणीची हकीकत सांगितली तर ते हरखून म्हणाले, "म्हणजे हे धर्माचं काम होतं." पुढे जर्मनीतल्या जाहिराती, एका लेबलावर मांजर शिवणयंत्र चालवत होतं. मग ऑस्ट्रियाच्या राजवटीतले, वर्षाचा आकडा छापलेले करड्या रंगाचे स्टँप, स्वित्झर्लंडच्या एका परगण्याचं अस्वल, स्पेनमधल्या कुठल्याशा गावच्या पोरक्या मुलांसाठीचं लेबल. मी नाव सांगायची आणि प्रभाकरराव ते मोठ्याने म्हणायचे, शाळेतली हजेरी घ्यावी तसं. मालतीकाकू दाण्याचे लाडू वळता वळता ऐकत होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या कुलपातल्या वस्तूला नावं मिळत होती आणि ती देणारी मी होते. मी फार खुशीत होते, हे लिहायला हवं.

शिवाय वाटणी चोख होती. दोन सारखी असतील तिथे एक यांच्याकडे. एकच असेल तिथे त्याच तोलाचं दुसरं भावाकडे गेल्याचं त्यांना तोंडपाठ होतं. सतरंजीवर बसलेला तो थोरला भाऊ मला डोळ्यांपुढे दिसत होता, तराजू धरल्यासारखा.

शेवटची पानं इटलीची होती. विक्रीवरच्या कराचे स्टँप, कोरे, न वापरलेले, मागे गोंद शाबूत. वडिलांनी पेन्सिलीने लांबट चौकटी आखल्या होत्या आणि प्रत्येक चौकटीत डाव्या कडेला एक तिकीट, उजवीकडची जागा मोकळी. मी एक तिकीट चिमट्याने उचललं. उजव्या कडेचे दाते ओरबाडल्यासारखे होते. दुसरं उचललं, तेही तसंच. तिसरंही. पानावरची सगळी डावीकडचीच.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, ही अर्धी आहेत. यांचा उजवा भाग कुठाय?"

प्रभाकरराव सहज म्हणाले, "उजवे सुधाकरकडे. ती जोडून होती दोन-दोन. आई म्हणाली, मधात भोकं आहेत ना, मग फाडा आणि एक-एक घ्या. भांडण नको."

तिथेच मी थांबायला हवं होतं. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ तयार होतं, वाटणी सारखी झाली. तेवढं सांगून अल्बम मिटला असता तर मी आजही सुखाने झोपले असते. पण ओळखल्याचा तो आनंद मोठा चावरा असतो. दुर्मीळ काहीतरी हाती लागलं होतं आणि माझी जीभ थांबेना. मी त्यांना समजावून सांगत सुटले. ही दोन तिकिटं नव्हेत, एकच आहे, दोन भागांचं. दुकानदार एक भाग गिऱ्हाइकाच्या बिलावर लावायचा, दुसरा आपल्याजवळच्या नकलेवर. म्हणजे हे छापलंच जातं फाडण्यासाठी. त्यामुळे जगात जिथे मिळतं तिथे अर्धंच मिळतं. आमच्यासारखे लोक शोधतात ते अख्खं, न फाटलेलं. त्या मास्तरने तुमच्या वडिलांना मुद्दाम अख्खी शोधून पाठवली असणार.

बोलता बोलता मी वर पाहिलं. प्रभाकररावांचा चेहरा उतरला होता. मालतीकाकूंचा लाडू हातातच राहिला होता.

"म्हणजे सारखी झाली ना वाटणी?" त्यांनी विचारलं.

"अगदी सारखी. याहून सारखी होऊच शकत नाही."

"हव," ते म्हणाले. इकडे हो म्हणायला हव म्हणतात. मग त्यांनी ते पान स्वतःकडे ओढलं. म्हणाले, "मीच फाडली ताई. सुधाकरनं धरली अन् मी फाडली. लई जपून फाडली, एकही कोपरा मोडू दिला नाही."

संध्याकाळी काकूंनी मला बाहेर नेलं, गुपचुप (आपली पाणीपुरी) खाऊ घातली, बाजारातल्या साड्या दाखवल्या. माझं लक्ष नव्हतं. कचेरीत मी लोकांना नेहमी सांगायची की विचारलं तेवढंच लिहा, जास्तीचं लिहाल तर दस्त अडकेल. तो शहाणपणा त्या दुपारी माझ्या कामी आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रभाकरराव अल्बम पिशवीत घालून, पिशवी पोटाशी धरून रिक्षात बसले. काकू आल्या नाहीत. तेलीबांध्याचा तलाव उन्हात चकाकत होता. काठाकाठाने फरसबंद रस्ता, बाकं, व्यायाम करणारी मंडळी. रायपूरचे लोक त्याला मरीन ड्राइव्ह म्हणतात आणि मुंबईवाल्यांना हसायची परवानगी देतात. मी हसले नाही, तेव्हा रिक्षावाला स्वतःच म्हणाला, "समंदर नहीं है दीदी, पर हवा है." लिफ्टपाशी थांबून प्रभाकरराव म्हणाले, "त्याले सांगायचंच आहे ना? की न सांगता येऊ वापस?"

मी म्हटलं, "तुम्ही ठरवा." खरं तर मला परत फिरायचं होतं.

सुधाकरराव उघडबंबूच दारात आले, मग आम्हाला पाहून लगबगीने शर्ट घालून आले. थोरल्यापेक्षा ठेंगणे, गोल, बोलघेवडे. घरभर खोकी. सामान बांधायला आलेली सून हिंदीत "आइए आइए, नमस्ते" म्हणत खोक्यांतून दोन खुर्च्या मोकळ्या करून चहाला गेली. प्रभाकरराव खुर्चीच्या टोकावर बसले. काकूंनी सांगितलं होतं अगदी तसेच.

मी कोण ते सांगितल्यावर सुधाकरराव खूश झाले. "म्हणजे ताई, तुम्ही खास बाबांची तिकिटं पाहायले आल्या? दादा, काहून सांगितलं नाही तू?"

दादांनी घसा खाकरला. "सुधाकर, तू आमच्या मीनाच्या लग्नात म्हणला होता की चांगली तिकिटं माझ्याकडे आली. मी ताईंना दाखवून घेतलं. वाटणी बरोबर होती. पण तुले शंका असन तर तू निवड. अजूनही निवड."

सुधाकरराव भावाकडे बघतच राहिले. "मी म्हणलो होतो?"

"मांडवात. तुझ्या साल्यासमोर."

"म्हणलो असन. लग्नात माणूस काय वाटेल ते बोलते, दादा. तू हे इतकी वर्षं घेऊन बसला?"

प्रभाकरराव खुर्चीत मागे सरकले आणि पाठ टेकून बसले. मी ते पाहिलं. ज्या कामासाठी मी इतक्या लांब आले होते ते काम त्या क्षणी झालं, आणि ते व्हायला माझी काहीच गरज नव्हती. एक फोन पुरला असता.

सुधाकररावांनीच मग उत्साहाने एक खोकं उघडलं. "माझी पाहा ना ताई. मी तर जपून ठेवली." त्यांनी टॉवेलात गुंडाळलेले चार जाड तक्ते बाहेर काढले. आपण दहावीच्या प्रमाणपत्राला करतो तसं लॅमिनेशन केलेलं होतं. "इथं दमटपणा किती, कसर लागते. म्हणून एका झटक्यात सगळी पक्की करून टाकली. आता शंभर वर्षं काही होत नाही."

तिकिटं आत कायमची वितळल्यासारखी बसली होती. गरम रुळाखालून जाताना मागचा गोंद पसरून पिवळा झाला होता. नीटनेटकं दिसावं म्हणून ओबडधोबड दातेही कात्रीने सरळ केलेले. इटलीच्या तक्त्यावर सगळे उजवे भाग ओळीने उभे होते. आदल्या दिवशी तोंड आवरता आलं नव्हतं, तेव्हा आज मी दातांनी जीभ धरून बसले. माणसाने बापाची आठवण त्याला समजलं त्या रीतीने जपली होती, आणि मी कोण त्याला नावं ठेवणार?

पण प्रभाकररावांनी अल्बम उघडला आणि आपलं पान त्या तक्त्याशेजारी ठेवलं. डावं आणि उजवं जवळ आलं. मधोमध प्लास्टिकची जाड कड.

"हे एकच होतं," ते म्हणाले. मग मी सांगितलेलं सगळं त्यांनी भावाला सांगितलं, माझ्यापेक्षा कितीतरी कमी शब्दांत.

सून चहा ठेवून गेली. आत कोणीतरी चिकटपट्टी ओढत होतं. सुधाकररावांनी प्लास्टिकवरून अंगठा फिरवला, कड चाचपून पाहिली, तक्ता पानाखाली सरकवून पाहिला, वर ठेवून पाहिला. कशानेही ते जुळेना.

"दादा," ते म्हणाले, "आपण तेव्हा भांडलो असतो तर बरं झालं असतं. कोणा एकाजवळ तर अख्खं राहिलं असतं."

प्रभाकररावांनी मान हलवली. माझ्या नोकरीतले ते सगळे भांडकुदळ भाऊ मला आठवले, एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे. त्यांची मला नेहमी शिसारी यायची. हे दोघे चांगले होते, आणि चांगुलपणानेच त्यांनी ती वस्तू मोडली होती. राग कोणाचा करायचा तेच कळेना.

मग जे झालं ते मला अजून सलतं. प्रभाकरराव म्हणाले, "माझी डावी घेऊन जा तू बंगलोरले. एका ठिकाणी तर राहतील." सुधाकरराव म्हणाले, "नाही, नाही, तू थोरला, माझे तक्तेच तू ठेव." "तुझ्या पोराले आवड आहे." "त्याले कशाची आवड, त्याले मोबाइलची आवड. तू ठेव." पान इकडून तिकडे सरकलं, तक्ता तिकडून इकडे. मी मध्ये पडून म्हटलं, "कोणीतरी एकाने घ्या हो." पण दोघांपैकी कोणालाही दुसऱ्याचं घ्यायचं नव्हतं. शेवटी सुधाकरराव म्हणाले, "राहू दे. बाबा म्हणले होते दोघांनी सारखं घ्या." सुधाकररावांनी तक्ते पुन्हा टॉवेलात गुंडाळून खोक्यात ठेवले आणि प्रभाकररावांनी अल्बम पिशवीत घातला.

निरोप घेताना मात्र दोघे दारात बराच वेळ बोलत उभे राहिले. गुडघ्यांची औषधं, बंगलोरची थंडी, तात्यापाऱ्यातला कोण अजून आहे आणि कोण गेला. मी लिफ्टचं दार धरून उभी होते ते त्यांच्या लक्षातही नव्हतं. इतकी वर्षं हे दोघे असे बोलू शकले असते, आणि आता सामान बांधून झालं होतं.

परतीच्या गाडीत मालतीकाकूंनी दिलेले लाडू होते. नागपूर गेल्यावर मी ते खाल्ले. बाहेर तुरीची शेतं होती, उभं पीक, मधून बांध. माझा चिमटा सापडल्याचा रेल्वेचा निरोप आला नाही, येणारही नव्हता. घरी पोहोचल्यावर भाचीने विचारलं, "मिळालं का काही दुर्मीळ?" मी हो म्हटलं आणि पुढे काही सांगितलं नाही. वस्तूचं नाव सांगितलं की ती वस्तू ज्याची आहे त्याच्याजवळून थोडी हिरावली जाते, असं आता मला वाटू लागलं आहे. त्या दुपारपर्यंत प्रभाकररावांजवळ वडिलांची अख्खी तिकिटं होती. ती अर्धी झाली माझ्या सांगण्याने.

नंतरच्या आठवड्यात त्यांचा आवाजी निरोप आला. मागे मालतीकाकूंच्या भांड्यांचा आवाज येत होता.

"ताई, सुधाकर गेला काल. पोहोचला, फोन आला त्याचा. आता रोज करीन म्हणते. एक विचारायचं राहून गेलं. ते दोन नाही, एकच होतं, हे बाबाले माहीत असन का? माहीत असन तर सांगितलं काहून नाही आम्हाले? एवढंच सांगा."

तो निरोप मी कितीतरी वेळा ऐकला. ज्या माणसाने प्रत्येक जोडीभोवती एकच चौकट आखली त्याला काय माहीत होतं, हे ओळखायला भिंगाची गरज नव्हती. आजवर मी कोणाला चुकीची ओळख सांगितलेली नाही. खात्री नसेल तर तसं सांगते, त्यावरच माझं नाव आहे.

मी लिहिलं, "नाही, त्यांना माहीत नव्हतं. त्यांनाही ती दोनच वाटली असणार."

उत्तर लगेच आलं, "मग बरं झालं ताई. म्हणजे बाबाही आमच्यातलेच."